राष्ट्राची घटना आणि राज्याची घटना

देशाच्या मूळ कायद्याला आपण मराठीत ‘राज्यघटना’ म्हणतो. या शब्दातील ‘राज्य’ म्हणजे सबंध देशाची राज्यसंस्था. परंतु प्रांत आणि संस्थाने जाऊन घटकराज्ये आली, तेव्हापासून ‘राज्य’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दिल्ली येत नाही, मुंबई येते. त्यामुळे ‘भारताची राज्यघटना’ हा शब्दप्रयोग आपल्या कानाला खटकत नाही. पण ‘महाराष्ट्राची राज्यघटना कोठे मिळेल?’ असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर भलेभले गोंधळात पडतात. या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, असे वेगळे पुस्तक नाही. महाराष्ट्राला विधिमंडळ आहे, राज्यपाल आहे, उच्च न्यायालय आहे, मंत्रिमंडळ आहे. पण स्वतःची घटना नाही. अमेरिकेतील पन्नासच्या पन्नास राज्यांना मात्र ती आहे. हा फरक का पडला, आणि त्यापासून आपल्यासारख्या जिल्ह्यातील माणसाला काय लाभले वा काय गमवावे लागले, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

विषय वरवर पाहता वकिलांचा वाटेल. वस्तुतः हिंगोलीच्या माणसाइतका तो दुसऱ्या कोणाच्या जिव्हाळ्याचा नसेल. एकाच माणसाच्या आयुष्यात या भूमीने चार राज्यव्यवस्था पाहिल्या. १९४८ पर्यंत निजामाचे संस्थान; त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य; १९५६ ते १९६० द्वैभाषिक मुंबई राज्य; आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. माणूस जागचा हलला नाही, त्याचे शेत हलले नाही. त्याच्या डोक्यावरचे राज्य तेवढे बदलत गेले. अशा माणसाला, आपल्यावर सत्ता कोण चालवतो आणि ती कोणत्या लेखी आधारावर चालवतो, हे विचारण्याचा अधिकार इतरांपेक्षा अंमळ अधिकच आहे.

सत्तेचा सातबारा

घटना म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या मुलुखात समजावून सांगणे अवघड नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आपण तीन गोष्टी पाहतो. जमिनीचा मालक कोण, ती कसतो कोण, आणि तिच्यावर बोजा कोणाचा. घटना हा सत्तेचा सातबारा आहे. सत्तेची मालक जनता. ती कसणारे सरकार. आणि त्या सत्तेवर असलेला बोजा म्हणजे नागरिकांचे मूलभूत हक्क. सरकारने पीक काढावे, पण बोजा बुडवू नये. साधा कायदा हा त्या शेतात घेतलेल्या एखाद्या हंगामाच्या पिकासारखा असतो. तो दर अधिवेशनात बदलू शकतो. सातबाऱ्यावरील नोंद मात्र अशी सहज बदलता येत नाही, आणि येऊ नये.

आता संघराज्यात अडचण अशी की, एकाच शेतावर दोन कसणारे असतात. केंद्र सरकार आणि घटकराज्याचे सरकार दोघेही आपापल्या परीने त्याच नागरिकावर राज्य करतात. ही वहिवाट लिहून ठेवण्याच्या दोन रीती जगात आहेत. पहिल्या रीतीत दोघांचे दोन स्वतंत्र उतारे असतात. दुसरीत एकाच उताऱ्यावर दोघांच्या नोंदी असतात. अमेरिकेने पहिली रीत धरली, आपण दुसरी.

अमेरिकेची रीत

अमेरिकेत राज्ये आधी झाली आणि राष्ट्र मागाहून झाले. मॅसॅच्युसेट्स राज्याची घटना १७८० सालची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रघटनेचा मसुदा १७८७ साली तयार झाला. म्हणजे लेकीचे वय आईपेक्षा अधिक! मॅसॅच्युसेट्सची ती घटना आजही चालू आहे. राज्यांनी आपल्या अंगच्या सत्तेतून काही ठराविक अधिकार राष्ट्राकडे सोपवले आणि उरलेले सगळे स्वतःकडे ठेवले. म्हणून राष्ट्राची घटना अगदी आटोपशीर आहे. मूळ मजकूर साडेचार हजार शब्दांच्या आसपास, आणि सव्वादोनशेहून अधिक वर्षांत तिला फक्त २७ दुरुस्त्या झाल्या.

राज्यांच्या घटना मात्र पसरट. टेक्सास राज्याची घटना १८७६ सालची. तिला आजवर पाचशेहून अधिक दुरुस्त्या झालेल्या आहेत. याचे कारण असे की, राष्ट्रघटनेने ज्या गोष्टींना हात लावला नाही त्या सगळ्या राज्याच्या घटनेत येतात. शाळा, कर, कर्जाची मर्यादा, स्थानिक संस्था, राज्यातील न्यायाधीशांच्या निवडणुका, सर्व काही. राष्ट्राची घटना बदलणे फार कठीण, तर राज्याची घटना दुरुस्त करण्यासाठी बहुतेक ठिकाणी प्रस्ताव लोकांपुढे मतदानाला ठेवावा लागतो आणि लोक तो मंजूर करतात किंवा फेटाळतात.

दोन घटना असण्याचा उपयोग काय, हे एका खटल्याच्या कथेने स्पष्ट होईल. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहराच्या गरीब वस्तीतील पालकांनी तक्रार केली की, शाळांचा खर्च स्थानिक मालमत्ताकरावर चालत असल्यामुळे श्रीमंत भागातील शाळा संपन्न आणि आमच्या शाळा दरिद्री राहतात. प्रकरण राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी पालक हरले. न्यायालयाने म्हटले की, राष्ट्रघटनेने शिक्षणाचा हक्क मूलभूत म्हणून दिलेला नाही. खरोखरच त्या घटनेत शिक्षण हा शब्द नाही. मग लोक दुसऱ्या दाराशी गेले. टेक्सासच्या स्वतःच्या घटनेत मोफत सार्वजनिक शाळांची कार्यक्षम व्यवस्था ठेवण्याचे बंधन राज्यावर घातले आहे. त्या कलमाच्या आधारे १९८९ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने, शाळांना पैसा पुरवण्याची चालू पद्धत घटनेविरुद्ध आहे, असा निर्णय एकमताने दिला. एक दार बंद झाले तेव्हा दुसरे उघडे होते. दोन घटनांचा खरा लाभ तो हा.

पण या रीतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राज्याची घटना राज्यातील बहुमताच्या हातात असते. अलाबामा राज्याने १९०१ साली जी घटना केली, तिचा एक उघड हेतू काळ्या नागरिकांना मतदानापासून दूर ठेवणे हा होता. तेव्हा राज्याची घटना म्हणजे नेहमी लोकांचे कवचच असते असे नाही. कधी ती दुबळ्यांच्या पायातील बेडीही होते. अशा वेळी राष्ट्रघटनेचाच आधार घ्यावा लागतो.

आपली रीत

भारताची घटना लिहिली जात होती तेव्हा या दोन्ही गोष्टी आपल्या घटनाकारांच्या नजरेसमोर होत्या. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सादर करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भेद स्पष्ट केला होता. अमेरिकेत राज्ये आपापल्या घटना करण्यास मोकळी आहेत. भारतात मात्र संघाची आणि घटकराज्यांची घटना मिळून एकच चौकट राहील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ही चौकट सैल ठेवली तर जातीजातींनी आणि सरंजामांनी पोखरलेल्या देशात दुबळ्या माणसाला प्रत्येक राज्यात निराळा न्याय मिळेल, ही भीती त्या काळी निराधार नव्हती.

म्हणून महाराष्ट्राची घटना शोधायची तर ती भारताच्या घटनेतच शोधावी लागते. तिचा मुख्य भाग म्हणजे सहावा भाग, कलम १५२ ते २३७. राज्यपाल कसा नेमावा, मुख्यमंत्री कोणाला जबाबदार, विधानसभेची मुदत किती, उच्च न्यायालयाची रचना कशी, हे सारे तेथे आहे. अमेरिकेतील राज्य हे सर्व स्वतः ठरवते. एखादे राज्य एकच सभागृह ठेवते, दुसरे दोन ठेवते, न्यायाधीश कोणी निवडून देते तर कोणी नेमते. आपल्याकडे हा आराखडा सर्व राज्यांना एकच. घटनेच्या सातव्या परिशिष्टात कामांची वाटणी आहे. मूळ घटनेत संघसूचीत ९७ बाबी, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ बाबी होत्या. समवर्ती म्हणजे ज्यात दोघांनाही कायदा करता येतो. पण दोघांत विरोध आला तर सामान्यतः संसदेचा कायदा वरचढ.

ही वाटणी आपल्या दाराशी कशी दिसते पाहा. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचत नसेल, तर तो प्रश्न राज्यसूचीतला. दाद मुंबईत मागायची. पण तीच पूर्णा पुढे गोदावरीला मिळते, आणि गोदावरीच्या पाण्यावर महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र अशा राज्यांचा तंटा उभा राहिला की तो केंद्राच्या कायद्याखाली नेमलेल्या लवादापुढे जातो. हळदीचा लिलाव ज्या बाजार समितीत होतो ती राज्याच्या कायद्याची. तीच हळद परदेशी निघाली की निर्यात हा संघसूचीतला विषय. अकोला-पूर्णा लोहमार्ग रुंद करावा ही मागणी होती, तीही दिल्लीचीच. गावातली गटार ही नगरपालिकेची. शिक्षण हा विषय मूळचा राज्याचा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. आपल्या सार्वजनिक जीवनात कित्येक मोर्चे चुकीच्या कचेरीवर जातात आणि अर्जावर ‘हा विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही’ असा शेरा घेऊन परत येतात. त्याचे एक कारण हा सातबारा आपण वाचलेला नसतो.

सत्तेच्या मुळाशी असलेला फरक आणखी दोन ठिकाणी उघडा पडतो. पहिले ठिकाण सीमांचे. अमेरिकेत एखाद्या राज्याच्या भूमीतून नवे राज्य काढायचे तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. आपल्याकडे तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद साध्या कायद्याने राज्य मोडू शकते, जोडू शकते, नाव बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले ते याच अधिकाराने, आणि १९६० साली महाराष्ट्र झाला तोही संसदेच्याच कायद्याने. उलट १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यासाठी दिल्लीला जावे लागले नाही. ते राज्य सरकारच्या हातातले काम. राज्य निर्माण करणे राष्ट्राच्या हाती आणि जिल्हा निर्माण करणे राज्याच्या हाती, ही आपली वहिवाट.

दुसरे ठिकाण कलम ३५६ चे. राज्याचा कारभार घटनेप्रमाणे चालणे अशक्य झाले तर राष्ट्रपती तो आपल्या हाती घेऊ शकतात. महाराष्ट्राने हे १९८०, २०१४ आणि २०१९ साली अनुभवले. अमेरिकेच्या अध्यक्षाला एखाद्या राज्याचे निवडलेले सरकार असे बाजूला सारता येत नाही. आपल्याकडे या अधिकाराचा वापर इतका सढळ होऊ लागला की अखेर १९९४ साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला त्यावर मर्यादा घालाव्या लागल्या.

येथे एका अपवादाची नोंद केली पाहिजे. जम्मू-काश्मीरला स्वतःची घटना होती. ती १७ नोव्हेंबर १९५६ रोजी स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५७ पासून पूर्णपणे अंमलात आली. ऑगस्ट २०१९ मधील निर्णयांनी ती निष्प्रभ झाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निर्णय उचलून धरले. तेव्हा आज भारतात कोणत्याही घटकराज्याला वेगळी घटना नाही.

मराठी मुलुखातील एक घटना, आणि एक फर्मान

मराठी प्रदेशात मात्र एकेकाळी एका छोट्या राज्याने आपली घटना केली होती. सातारा भागातील औंध संस्थान. बहात्तर गावे आणि सुमारे पंचाहत्तर हजार वस्ती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी २१ जानेवारी १९३९ रोजी स्वराज्याची घटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली. राजपुत्र अप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि स्वतः महात्मा गांधी यांचा त्या मसुद्यात हात होता. पाया गावच्या पंचायतीचा, तिच्यावर तालुक्याची सभा आणि तिच्यावर विधिमंडळ, अशी खालून वर चढणारी ती रचना होती. १९४८ साली औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा प्रयोग संपला. पण राजाने सत्ता लिहून देणे म्हणजे काय, याचा तो अस्सल मराठी दाखला आहे.

त्याच सुमारास आपल्याकडे काय होते? येथे घटना नव्हती; फर्मान होते. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडात १९३५ च्या कायद्याप्रमाणे १९३७ साली निवडणुका झाल्या आणि निवडून आलेले मंत्रिमंडळ अधिकारावर आले. नदीच्या अलीकडे, तीच मराठी बोलणाऱ्या, तेच ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या माणसाला मत देण्यासारखे विधिमंडळच नव्हते. १९३९ साली निजाम सरकारने सुधारणा जाहीर केल्या खऱ्या. पण त्यांत प्रतिनिधी निवडायचे ते नागरिक म्हणून नव्हे, तर जमीनदार, व्यापारी, वकील अशा धंदेवार गटांनी, आणि सरकार विधिमंडळाला जबाबदार नव्हते. सभा भरवायची तर ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध हुकुमाप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागे. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून १९४६ पर्यंत बंदी होती. आज ज्या व्याख्यानमालेला आपण संध्याकाळी निवांत येऊन बसतो, तसली व्याख्यानमाला त्या राज्यात अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहिली असती. फर्मान आणि घटना यांतील भेद यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही. फर्मान राजा देतो व राजा परत घेतो. घटना लोक स्वतःलाच देतात.

यापुढचा भाग आपल्या इतिहासात फारसा सांगितला जात नाही. भारताच्या घटनासमितीत हैदराबाद संस्थानासाठी १६ जागा राखलेल्या होत्या. निजामाने स्वतंत्र राहण्याचा हट्ट धरल्यामुळे त्या रिकाम्याच राहिल्या. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई होऊन संस्थान मुक्त झाले, तरी घटनेवर चर्चा चालू असताना हैदराबादच्या जनतेचा निवडलेला प्रतिनिधी तेथे नव्हता. म्हणजे आपल्यावर लागू झालेली घटना लिहिताना मराठवाड्याचा माणूस त्या सभागृहात बसलेला नव्हता.

त्या वेळी संस्थानांना स्वतःच्या घटना करू द्याव्यात, असाच आरंभीचा बेत होता. सौराष्ट्र, म्हैसूर, त्रावणकोर-कोचीन येथे घटनासमित्याही निघाल्या; सर बेनेगल नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने संस्थानांसाठी एक नमुना घटना तयार केली. परंतु मे १९४९ मध्ये संस्थानी राज्यांच्या मुख्य मंत्र्यांच्या बैठकीत ठरले की वेगवेगळ्या घटना नकोत. राज्यांची घटना भारताच्या घटनेतच असावी. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने फर्मान काढून भारताची घटना हैदराबादला लागू राहील, असे जाहीर केले. हैदराबादची स्वतःची घटनासमिती कधी भरलीच नाही. काळाची गंमत पाहा, फर्मानाचे राज्य संपले तेही एका फर्मानाने!

२६ जानेवारी १९५० रोजी हैदराबाद हे ‘ब’ वर्गाचे राज्य झाले. निजाम राजप्रमुख झाला. मात्र या वर्गातील राज्यांसाठी मूळ घटनेत एक कलम होते. दहा वर्षेपर्यंत ही राज्ये राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली राहतील. त्या कलमाचा आकडा होता ३७१. आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढची सारी कथा त्याच आकड्याची आहे. १९५२ साली प्रौढ मतदानाने पहिली विधानसभा निवडली गेली, बी. रामकृष्णराव यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, आणि ज्यांना पूर्वी सभा भरवायला परवानगी लागे, त्यांनी प्रथमच सरकार निवडले.

एक आकडा, तीन भाऊ

मराठवाडा महाराष्ट्रात येण्याआधी पुढाऱ्यांनी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार केला. त्यात विकासाचा पैसा आणि नोकऱ्या यांची वाटणी न्याय्य प्रमाणात व्हावी, आणि मागासलेल्या मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे कबूल करण्यात आले. पण करार हा सभ्य गृहस्थांमधील शब्द. न्यायालयात तो चालत नाही. १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने ‘ब’ वर्गच रद्द केला, नियंत्रणाचे जुने ३७१ वे कलम गेले, आणि त्याच आकड्याखाली नवे कलम आले. त्याच्या दुसऱ्या खंडात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळे, त्यांचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवणे, विकासखर्चाची समन्याय्य वाटणी आणि तंत्रशिक्षण व नोकऱ्यांची पुरेशी संधी, यांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची सोय आहे. जो आकडा पूर्वी आपल्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी होता, तोच आता आपल्या संरक्षणासाठी उभा राहिला.

उभा राहिला, पण चालू लागला नाही. कलमाची भाषा ‘राष्ट्रपती आदेशाने तरतूद करू शकतील’ अशी आहे. ‘करतील’ अशी नाही. या एका क्रियापदाने अडतीस वर्षे खाल्ली. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन झाले. १९८४ साली दांडेकर समितीने जिल्हावार अनुशेष मोजून दाखवला. राज्याचा सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. त्याच वर्षी विधिमंडळाने मंडळांची मागणी करणारा ठराव केला. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी हा प्रश्न सतत जागता ठेवला. अखेर १९९४ साली मंडळे स्थापन झाली. मुदत वेळोवेळी वाढत गेली आणि ३० एप्रिल २०२० रोजी ती संपली. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, ती संपली तेव्हा घटनेतील एक अक्षरही कोणी खोडले नव्हते. कलम जागच्या जागी होते; आदेश तेवढा संपला.

आता निजामाच्या राज्यातील इतर दोन भावांकडे पाहू. तेलंगण आंध्रात गेला. तेथील १९६९ आणि १९७२ च्या आंदोलनांनंतर १९७३ साली ३२ व्या घटनादुरुस्तीने ३७१ घ हे कलम आले, आणि सरकारी नोकऱ्यांत व शिक्षणसंस्थांत स्थानिकांना प्राधान्य देण्याचे आदेश त्याखाली निघाले. २०१४ साली तेलंगण वेगळे राज्य झाल्यावरही ते कलम दोन्ही राज्यांना लागू राहिले. बिदर, गुलबर्गा, रायचूर हा कानडी भाग कर्नाटकात गेला. त्याच्यासाठी ९८ व्या घटनादुरुस्तीने ३७१ ञ हे कलम आले. तो भाग २०१९ पासून कल्याण कर्नाटक म्हणवला जातो. या कलमात केवळ विकास मंडळाची सोय नाही. त्या भागातील जन्माने वा अधिवासाने तेथील असलेल्यांसाठी शिक्षणातील जागा आणि नोकऱ्यांतील पदे राखून ठेवता येतील, असे स्पष्ट म्हटले आहे. एकाच घरातून निघालेले तीन भाऊ; तिघांच्या नावे एकाच आकड्याखाली नोंद झाली. पण दोघांच्या नोंदीत हिस्सा स्पष्ट आणि धाकट्या मराठीच्या नोंदीत ‘समन्याय्य व्यवस्था’ एवढेच मोघम शब्द.

मग महाराष्ट्राला स्वतःची घटना असती तर?

असा प्रश्न साहजिकच मनात येतो. टेक्सासच्या पालकांना जे दुसरे दार मिळाले, ते आपल्यालाही मिळाले असते काय? कदाचित मिळाले असते. शाळा, पाणी, रस्ते यांच्या समान वाटणीचे बंधन राज्याच्या घटनेत असते, तर त्याच्या आधारे न्यायालयात उभे राहता आले असते. पण ती घटना लिहिली कोणी असती? राज्याच्या विधिमंडळातील बहुमताने. आणि मराठवाडा त्या बहुमतात किती? ज्यांच्याकडून वाटा मागायचा, त्यांच्याच हाती वाटणीपत्र लिहिण्याची लेखणी गेली असती. भारताच्या घटनेतील कलमाचा मोठा गुण हा की, महाराष्ट्राचे कोणतेही सरकार ते एकट्याने पुसू शकत नाही. त्यासाठी संसदेत घटनादुरुस्ती लागते. त्याचा दोष असा की, ते चालवणेही एकट्या महाराष्ट्राच्या हाती नाही. दिल्लीचा आदेश लागतो. हमी वर नेली की ती सुरक्षित होते, पण हातापासून दूर जाते. हमी खाली ठेवली की हाताशी येते, पण कोणीही हिसकावू शकतो. संघराज्याचा सगळा पेच या दोन वाक्यांत आहे.

एका घटनेचा आणखी एक लाभ विसरू नये. आपल्या मुलीच्या शाळेचा हक्क असो, सभेचे स्वातंत्र्य असो, ग्रामपंचायतीची निवडणूक वेळेवर घेण्याची सक्ती असो, हे सर्व भारताच्या घटनेतच आहे आणि ते औंढ्यात, वसमतेत, सेनगावात सारखेच लागू आहे. त्यासाठी कलम २२६ प्रमाणे १९८१ पासून औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येते. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून गावपातळीच्या सत्तेलाही याच पुस्तकात जागा दिली. औंधच्या राजाने बहात्तर गावांसाठी जे मनात आणले, त्याचा काही अंश आज सबंध देशाच्या घटनेत आला आहे.

तात्पर्य, राष्ट्राची घटना थोर की राज्याची, हा वाद फलदायी नाही. आपल्याला एकच घटना मिळाली आहे. ती लिहिताना आपल्या जागा रिकाम्या होत्या, म्हणून ती वाचताना तरी त्या रिकाम्या राहू नयेत. सातबारा पेटीत ठेवून शेत राखता येत नाही. अधूनमधून उतारा काढून नोंदी तपासाव्या लागतात, आणि फेरफार झाला असेल तर वेळेत हरकत घ्यावी लागते. ३७१ व्या कलमाच्या दुसऱ्या खंडात आपली नोंद अजून शाबूत आहे. तिच्यातील ‘करू शकतील’ या शब्दांचे ‘करतील’ होणे हे कलमाच्या हाती नाही. ते मागणाऱ्यांच्या चिकाटीवर आणि आपण विचारलेल्या प्रश्नांवर अवलंबून आहे. प्रत्येक ग्रंथालयात घटनेची मराठी प्रत असावी, आणि निवडणुकीच्या सभेत एखाद्या तरुणाने उठून उमेदवाराला या कलमाविषयी प्रश्न विचारावा. तो प्रश्न विचारायला आज कोणाची परवानगी लागत नाही.